न दुखणारे शल्य

माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये जैन परिवारांना परिचित आहेत. ‘शल्य’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी देहाचा आहे : शरीरात रुतून राहिलेला काटा, बाणाचे टोक किंवा परका पदार्थ. शल्यचिकित्सा हे नावही त्यावरूनच आले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, बाहेरून न दिसणारे शल्य कसे ओळखावे यासाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात अस्थीत शिरलेल्या शल्याचाही विचार केला आहे.

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या ठिकाणी हा विषय ग्रंथापुरता राहत नाही. एकीकडे तूर-पऱ्हाटीची धसकटे आणि बाभळीचे काटे, दुसरीकडे बांधकामावरचे खिळे, तारा आणि काचा, तर घरात शिवणकामाची सुई. पायात काही रुतते, वरचा भाग निघतो, टोक आत मोडते. तळव्याची जाड त्वचा काही दिवसांत मिटते आणि घटना विस्मरणात जाते.

एका पावलात २६ हाडे असतात आणि तळव्याखाली ती फार खोल नसतात. तेथवर पोहोचलेले टोक महिनोन्‌महिने राहू शकते. पुढे सूज येते, पू वाहतो, कधी हाडावरील आवरण जाड होते आणि क्ष-किरण चित्रात गाठीचा भास होतो. धातू या चित्रात स्पष्ट दिसतो, काच बहुधा दिसते; लाकूड वा काटा मात्र सहसा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. हाडातील जंतुसंसर्गाच्या खुणाही क्ष-किरण चित्रात उमटायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. म्हणून ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. ‘काही महिन्यांपूर्वी काटा रुतला होता’ हे वैद्यांना सांगितलेले एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते.

सर्वांत मोठा धोका असतो तो न दुखणाऱ्या पायाला. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभारले. त्या काळी कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, अशी समजूत होती. पुढे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, संवेदना हरपल्याने नकळत होणाऱ्या जखमा आणि त्यांतील संसर्ग हे या हानीचे मोठे कारण असते. आज हीच अवस्था मधुमेहाने अनेक घरांत आणली आहे. मधुमेही व्यक्ती तळव्यात सुई घेऊन दिवसभर वावरते आणि तिला पत्ताही लागत नाही. मंदिराच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. अनवाणी विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या वैयावृत्त्यात पावलांची विचारपूस अवश्य असावी.

उपाय साधे आहेत. रोज रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा सून-नातवंडांनी पाहावे. पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. मधुमेह असल्यास पायाच्या संवेदनेची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. काट्याने काटा काढणे ही म्हण म्हणून ठीक. पायावर तो प्रयोग नको. बिब्ब्याचा चटका तर मुळीच देऊ नये, कारण बधिर पायाला तो भाजल्याचेही कळत नाही. खिळा रुतल्यास धनुर्वाताच्या लसीविषयी त्याच दिवशी विचारावे. बुटाच्या तळव्यातून खिळा आरपार गेला असेल, तर जंतू थेट हाडापर्यंत पोहोचलेले असू शकतात. जखम भरून पुन्हा पुन्हा वाहू लागली, तर आत काही राहिले आहे असे समजून तज्ज्ञांकडे जावे.

वेदना नाही म्हणजे शल्य नाही, असा अर्थ कधीही काढू नये.