लेखांक सातवा : सावलीच्या मागावर

गेल्या लेखांकात आपण न्यू होरायझन्स या अमेरिकन अवकाशयानाचा निरोप घेतला, तेव्हा ते १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोच्या जवळून पुढे निघून गेले होते. साडेनऊ वर्षांचा प्रवास ज्या कार्यासाठी केला ते तडीस गेले होते, नायट्रोजनच्या हिमाची मैदाने आणि पाण्याच्या बर्फाचे पर्वत यांची छायाचित्रे पृथ्वीकडे रवाना होऊ लागली होती. आणि तरीही या मोहिमेतील सर्वांत मोठा पराक्रम मी ज्याला मानतो, तो प्रसंग त्यानंतर साडेतीन वर्षांनी घडला, आणि तोही अशा एका पिंडापाशी, की यानाने १९ जानेवारी २००६ रोजी पृथ्वी सोडली तेव्हा त्याची नोंद जगातील कोणत्याही वेधशाळेच्या दप्तरी नव्हती.

नेपच्यूनच्या पलीकडे जो थंड मुलूख कायपर पट्टा या नावाने ओळखला जातो, त्यातील प्लुटो आणि त्याचा शॅरन हा उपग्रह सोडून पहिला पिंड १९९२ साली डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना हवाई बेटांवरील मौना केआ येथून सापडला. पुढे असे पिंड शेकड्यांनी सापडले. पण प्लुटोला मागे टाकून जाणाऱ्या यानाच्या वाटेवर, शिल्लक इंधनाच्या हिशेबात बसेल असा एकही त्यांत नव्हता. त्याचा शोध भूमीवरील मोठमोठ्या दुर्बिणींनी अनेक वर्षे घेतला. अडचण दिशेची होती. यान ज्या धनू राशीकडे चालले होते, तिकडे आपल्या आकाशगंगेचा मध्य येतो आणि पार्श्वभूमीवर तारकांची इतकी दाटी असते, की त्या गर्दीत एखादा मंद ठिपका रात्रीगणिक किंचित सरकतो आहे हे हेरणे जवळजवळ अशक्य होते. अखेरीस वातावरणाच्या वर फिरणाऱ्या हबल दुर्बिणीचा वेळ मागावा लागला, मंजुरी मिळाली, आणि २६ जून २०१४ रोजी घेतलेल्या छायाचित्रांत तो ठिपका गवसला. दप्तरी नाव पडले २०१४ एमयू ६९. पुढल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात यानाची इंजिने चार वेळा चालवून त्याची वाट या पिंडाकडे वळविण्यात आली.

वाट वळविली खरी, पण नेमके कोठे जायचे? सूर्याभोवती एक फेरी पुरी करण्यास ज्याला सुमारे २९८ वर्षे लागतात, त्याच्या मार्गाचा जेमतेम दोन-तीन वर्षांचा तुकडा पाहून, तो पिंड अमुक दिवशी अमुक क्षणी अमुक ठिकाणी असेल असे छातीठोकपणे सांगायचे, आणि ते सांगणे चुकले तर सेकंदाला १४ किलोमीटर वेगाने जाणारे यान रित्या अवकाशाची छायाचित्रे घेऊन पुढे निघून जाणार. त्याला थांबविता येत नाही, माघारी फिरविता येत नाही.

येथे ज्योतिर्विदांनी एका जुन्या, सर्वस्वी भरवशाच्या युक्तीचा आश्रय केला. एखादा पिंड दूरच्या तारकेसमोरून जातो तेव्हा तारका क्षणभर झाकली जाते. या घटनेला पिधान म्हणतात. तारकेच्या प्रकाशात त्या पिंडाची सावली पृथ्वीवर पडते, ती पिंडाच्याच रुंदीची असते, आणि भूमीवरून सुसाट धावत जाते. त्या सावलीच्या वाटेवर काही काही किलोमीटरांच्या अंतराने दुर्बिणी मांडून बसले, तर कोणाची तारका किती वेळ विझली यावरून पिंडाचे स्थान तर कळतेच, शिवाय त्याची बाह्याकृतीही रेखाटता येते. हबलची मोजमापे आणि युरोपच्या गाया दुर्बिणीने सिद्ध केलेली तारकांची सूची एकत्र करून २०१७ सालच्या तीन सावल्यांचे भाकीत मांडण्यात आले. ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका येथे निरीक्षक सज्ज होते; एकाचीही तारका विझली नाही. १० जुलैला विमानातील दुर्बीण प्रशांत महासागरावर नेण्यात आली.

मग १७ जुलैची रात्र आली. स्थळ अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडील पातागोनिया, कोमोदोरो रिवादाविया हे समुद्रकाठचे शहर. तिकडे जुलैत ऐन हिवाळा, आणि त्या प्रांताचा वारा असा, की उघड्या माळावर मांडलेली दुर्बीण क्षणभर स्थिर राहणे कठीण. तेथील लोकांनी वारा अडविण्यासाठी दुर्बिणींच्या बाजूला मालमोटारी आणून उभ्या केल्या. नगराच्या अधिकाऱ्यांनी रस्त्यावरचे दिवे मालवले. वाहनांच्या झोताचा उपद्रव होऊ नये म्हणून एक हमरस्ता दोन तास बंद ठेवण्यात आला. ज्या वस्तूचे नाव त्या दिवसापर्यंत बहुतेकांनी ऐकलेही नसेल, जी डोळ्यांना कधी दिसणार नाही, तिच्या एका सेकंदाच्या सावलीसाठी एका गावाने हा सारा बंदोबस्त केला, हे वाचताना मला अतिशय धन्य वाटले. त्या रात्री पाच दुर्बिणींमधून तारका विझली आणि पुन्हा लुकलुकली. त्या पाच नोंदी जोडून जी आकृती उभी राहिली ती गोल नव्हती. एकमेकांना चिकटलेल्या, किंवा निदान अगदी लगत असलेल्या, दोन पिंडांची ती होती. प्रत्यक्ष दर्शनाच्या दीड वर्ष आधी, केवळ सावलीवरून, हे कळले होते.

१ जानेवारी २०१९. भारतीय वेळेप्रमाणे सकाळचे अकरा वाजून गेले असता यान त्या पिंडापासून ३,५३८ किलोमीटरवरून गेले. प्लुटोपासूनचे त्याचे अंतर याच्या साडेतीन पट होते. सूर्यप्रकाश तेथे पृथ्वीवरच्या सुमारे एकोणीसशेव्या हिश्शाइतका. यानाला कोणतीही आज्ञा पोहोचण्यास सहा तासांहून अधिक वेळ लागत असल्यामुळे त्या घटकेचा सारा कार्यक्रम आधीच त्याच्या स्मृतीत भरून ठेवलेला होता आणि मेरीलँड राज्यातील लॉरेल येथील नियंत्रणकक्षात बसलेल्यांच्या हाती वाट पाहण्यापलीकडे काही उरलेले नव्हते. रात्री नऊच्या सुमारास माद्रिदजवळील केंद्राला संदेश मिळाला आणि मोहिमेच्या संचालन-प्रमुख अ‍ॅलिस बोमन यांनी यान सुखरूप असल्याची वार्ता दिली. गणित बरोबर ठरले होते. पिंड जेथे असावयास हवा होता तेथेच होता.

छायाचित्रांत दिसले ते असे : लांबी सुमारे ३६ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे या आपल्या पहिल्या आगगाडीच्या मार्गाहून थोडी अधिक, रंग तांबूस, आणि एक मोठा व एक लहान असे दोन गोळे एका अरुंद मानेशी जोडलेले. ती मान आजूबाजूच्या पृष्ठभागाहून उजळ आहे. प्रथम सर्वांना वाटले की हे दोन्ही गोल चेंडूच आहेत. पुढे, यान निघून जाताना मागे वळून घेतलेली छायाचित्रे आली, तेव्हा दोन्ही भाग चपटे असल्याचे ध्यानात आले. त्याचा परिवलनकाळ सुमारे १६ तास.

मला त्या मानेपाशी थोडे थांबावेसे वाटते. दोन पर्वतप्राय पिंड एकमेकांवर आदळले, तर सांध्यापाशी भेगा पडाव्यात, चुरा व्हावा, एकाने दुसऱ्याला दडपून टाकावे. येथे तसे काहीच घडलेले नाही. दोन्ही भागांचे अक्ष जवळजवळ एका रेषेत आहेत, रंग आणि पृष्ठभागाची घडणही सारखी आहे. गणित सांगते की माणूस पायी चालतो तितक्याच संथ गतीने ते एकमेकांना येऊन टेकले असावेत. ग्रहांची बीजे कशी तयार झाली याविषयी दोन पक्ष आहेत : एकाच्या मते लहान पिंड दूरदूरच्या कक्षांतून येऊन वेगाने आदळत गेले व त्यांतून मोठे घडले, दुसऱ्याच्या मते सूर्याभोवतीच्या आद्य तेजोमेघात खड्यांएवढ्या कणांचे दाट पुंजके जमले आणि ते स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने हळुवार आकसले. या मानेची साक्ष निःसंशय दुसऱ्या पक्षाच्या बाजूने पडते. चार अब्जांहून अधिक वर्षे तो सांधा तसाच राहिला, याचे कारण त्या मुलखात कोणी कोणाच्या वाटेला फारसे जात नाही. पृष्ठभागावर विवरेही थोडीच आहेत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये या पिंडाचे अ‍ॅरोकॉथ असे नामकरण झाले. ज्या चेसापीक उपसागराच्या परिसरातून मोहीम चालविली गेली, तेथील मूळ रहिवासी पॉहॅटन लोकांच्या भाषेतला हा शब्द असून त्याचा अर्थ आकाश असा आहे, आणि तो पामंकी जमातीच्या वडीलधाऱ्यांची संमती घेऊन स्वीकारण्यात आला. ती संमती मागितली गेली, हे फार उचित झाले.

त्या एका भेटीत जमविलेली सामग्री पृथ्वीवर उतरवून घेण्यास सुमारे वीस महिने लागतील असा अंदाज होता. जेमतेम दोनशे वॉटच्या घरात वीज असलेले यान इतक्या दुरून सेकंदाला एक-दोन हजार अंकांपलीकडे पाठवू शकत नाही. यान पुढे चालतेच आहे, आणि त्याला वाटेत आणखी एखादा पिंड भेटावा म्हणून शोध झाले आहेत. सूर्यमालेच्या जन्मापासून जागच्या जागी राहिलेल्या त्या थंड वस्तीतील असंख्य पिंडांपैकी, माणसाने जवळून पाहिलेला पिंड आजमितीस हा एकच आहे.