स्टेअरिंग अचानक जड झालं? आधी बेल्ट आणि ऑइल बघा

वसई : तुंबलेल्या पाण्यातून पिकअप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर काढली आणि स्टेअरिंग एकदम जड झालं, तर घाबरू नका. ऑइलवर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगचा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनच्या बेल्टवर फिरतो. बेल्ट भिजला की घसरतो, चीं-चीं करतो. सुकल्यावरही आवाज राहिला तर तो सैल किंवा झिजलेला असू शकतो, गॅरेजला दाखवा.

वळवताना घरघर येतेय? इंजिन बंद करून ऑइलची डबी बघा. ऑइल कमी झालं म्हणजे बहुतेक कुठेतरी गळतंय, नुसतं वरून ओतून भागत नाही.

आणि जव्हारच्या घाटासारख्या उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचा नाद तर नकोच. इंजिन थांबलं की पंपही थांबतो, भरलेली गाडी वळवताना हात भरून येतात. ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर कडक होतो.