ब्रह्मराक्षसाचे ऋण : मुक्तिबोधांच्या फॅन्टसीतील श्रद्धा, पुराणकथा आणि बालपण

अद्भुत कथा म्हणजे मुलांची करमणूक, आणि भुताखेतांची गोष्ट म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, असा समज आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून पुष्कळदा आढळतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेल्या एका मराठी भाषिक लेखकाच्या आधारे येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाला गावे आणि शाळा वारंवार बदलाव्या लागल्या. आईने आपणांस प्रेमचंदांचे भक्त बनविले, असे त्यांनी स्वतःच एका लेखात नमूद केले आहे. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी लेखनासाठी हिंदी स्वीकारली. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे मान्यवर कवी व समीक्षक झाले. १९४३ च्या ‘तार सप्तक’ मधील सात कवींत गजाननरावांचा समावेश होता. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नव्हता.

फॅन्टसी ही पळवाट आहे, हे त्यांना मान्य नव्हते. कलेचे त्यांनी तीन क्षण मानले. पहिला, जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या वेदनेच्या मुळापासून सुटून फॅन्टसीच्या रूपाने डोळ्यांसमोर उभा राहण्याचा. तिसरा, त्या फॅन्टसीला शब्दरूप येण्याचा. जयशंकर प्रसादांच्या ‘कामायनी’ची मनुकथाही त्यांनी १९६१ च्या ग्रंथात अशीच वाचली. प्राचीन कथेच्या आवरणाखाली त्यांना कवीचा स्वतःचा काळ दिसला.

विद्वान ब्राह्मण आपल्या विद्येचे ऋण न फेडता मेला, तर तो ब्रह्मराक्षस होतो, ही लोकसमजूत आपल्या वाचकांस परिचित आहे. मुक्तिबोधांनी तिला दोनदा हात घातला. ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत ओसाड विहिरीतील तो प्रकांड पंडित मलिनता घालविण्यासाठी अंग अखंड घाशीत राहतो, पण ती जात नाही. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत काशीतील गुरू बारा वर्षांच्या अध्यापनानंतर आपले खरे स्वरूप प्रकट करतो. योग्य शिष्य न मिळाल्यामुळे तो अडकून पडला होता. आता तो मुक्त होतो, परंतु ऋण शिष्याच्या माथी येते : मिळालेले ज्ञान दुसऱ्यास दिल्यावाचून त्यालाही सुटका नाही. बालपणीच्या भयकथेतून येथे बुद्धिजीवींच्या जबाबदारीचा प्रश्न उभा राहिला आहे.

मुक्तिबोध मार्क्सवादी होते. त्यांना नकळत ख्रिस्ती ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. श्रद्धा त्यांच्या लेखनात उपासनेच्या रूपाने नाही. सत्य केवळ जाणून भागत नाही, त्याचा जाब द्यावा लागतो, या आग्रहाच्या रूपाने ती आहे. हा आग्रह आपणांस अपरिचित नाही. जमिनीत पुरून ठेवलेल्या रुपयांचा दृष्टान्त (मत्तय २५) हेच सांगतो. भेदही तितकाच स्पष्ट आहे. ब्रह्मराक्षसाची सुटका शिष्याच्या पात्रतेवर अवलंबून आहे. आपली सुटका मात्र परमेश्वराच्या कृपेने होते, आणि अध्यापन हे त्या कृपेबद्दलचे कृतज्ञतेचे देणे आहे. स्वतःच्या हाताने घासून मलिनता जात नाही, इथपर्यंत कवी आपणांस आणतो. ती कोण धुतो, हे सांगण्याचे काम आपले आहे.

म्हणून धर्मशिक्षकांस आमचे नम्र सुचविणे असे. वर्गातील मुलाने आजीकडून ऐकलेली पिंपळावरील भुताची गोष्ट सांगितली, तर तिला हसून किंवा दटावून गप्प करू नये. त्या भुतावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु गोष्टीत कोणते भय, कोणते अपुरे राहिलेले कर्तव्य दडले आहे, हे मुलाला विचारावे. शुभवर्तमान त्या भयाला उत्तर देते. भयच जिभेवर येऊ दिले नाही, तर उत्तर कशाला आहे हे मुलाला कळणार नाही. शिवाय वर्षानुवर्षे ईशज्ञानाचा अभ्यास करून ते मंडळीपर्यंत न पोहोचविणाऱ्या आपणां सर्वांना ती ओसाड विहीर फार दूरची नाही, हेही ध्यानी ठेवावे.