गुरं राखायला कॉलेज कशाला?



आम्ही दोघी याच वर्गात 'अ आ इ ई' गिरवून मोठ्या झालो. सध्या न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात शेतीशास्त्र शिकतो. गावाहून आजोबांनी फोनवर विचारलं, "गुरं राखायला कॉलेज कशाला गं?" कदाचित तुम्हालाही हाच प्रश्न पडेल, म्हणून हे उत्तर.

इथल्या बहुतेक गाई वर्षभर कुरणातच असतात. दावण नाही. दूध काढायच्या वेळी त्या चालत शेडमध्ये येतात. मुख्य चारा रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर. क्लोव्हर हा आपल्या मेथीच्या कुळातला. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून गवतालाही खत मिळतं.

कुरणाचे कुंपण घालून भाग पाडतात. त्यांना पॅडक म्हणतात. एक चरून झालं की गाई पुढच्या पॅडकमध्ये जातात. पहिल्यात परत कधी आणायच्या, हीच खरी विद्या! रायग्रासच्या एका फुटव्यावर साधारण तीन हिरवी पानं टिकतात. चौथं आलं की पहिलं वाळू लागतं. म्हणून तिसरं पान आलं की चारायचं. चरल्यावर नवं पान बुडख्यात साठवलेल्या साखरेवर फुटतं. तो साठा भरायच्या आत पुन्हा चारलं तर गवत खंगतं.

हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं, तरी चुकलो. एका शेतावर कामाला असताना हिरवंगार दिसलं म्हणून एकाच पानावर गाई सोडल्या. पुढच्या फेरीला तिथे पोटभर चारा नव्हता. तेव्हापासून आधी वाकून पानं मोजतो.

वेळापत्रकही गवतच ठरवतं. इथे जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक गाई वितात. सप्टेंबरनंतर वसंतात गवत जोमाने वाढतं, तेव्हाच दूधही भरपूर असतं. हिवाळ्याआधी गाई आटवतात.

हे सगळं ऐकून आजोबा म्हणाले, "अगं, ही तर धनगराची विद्या!" खरंच आहे. आपले धनगरही चाऱ्यामागे मुलूख बदलतात, आणि शेतात मेंढ्या बसवून जमिनीला खत देतात. ते अनुभवाने शिकले, आम्ही मोजून शिकतो आहोत.

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ: अंगणातल्या गवताचा एक फुटवा बघा. पानं किती? पुढच्या शनिवारी वर्गात मराठीत सांगा!