मुंढ्याची गोलाई आणि पाचशे रुपये रोज

ब्लाऊज बिघडतो तो मुंढ्यात. खडूने आखलेली ती गोलाई पाव इंच चुकली तरी हात उचलताना पाठ ओढते. फलटणमधल्या शिवणाच्या वर्गात मी बसले होते, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी सगळी सकाळ या एका गोलाईवर घालवली. आधी वर्तमानपत्रावर, मग जुन्या साडीच्या तुकड्यावर. छाती 34, चौथा हिस्सा साडेआठ, वर शिलाईसाठी सोडायचं कापड. समोरच्या बायका वर्षानुवर्षं शिवतायत, पण मापाचा ब्लाऊज पुढ्यात ठेवून. टेपने अंगावरचं माप घेऊन कापायचं म्हटलं की कात्री अडते.

हा वर्ग पीएम विश्वकर्मा योजनेतला. केंद्राची ही योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. 18 पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामही आहे. योजना नवशिक्यांसाठी नाही, आधीच हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचं, म्हणजे 40 तासांचं. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. पुढे तारण न ठेवता 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंत कर्ज, फेड 18 महिन्यांत.

चर्चा होते ती मशीनची आणि कर्जाची. मला मात्र सगळ्यात मोलाचे वाटतात ते प्रशिक्षणाच्या काळातले दिवसाला 500 रुपये. शिवण असतं सणासुदीला आणि लग्नसराईत. एरवी यातल्या कितीतरी जणी उसात, डाळिंबाच्या बागेत रोजाने जातात. तिथे एक दिवस बुडाला की घरखर्चात खड्डा. फुकट शिकवतो म्हणून त्या आठवडाभर बसू शकत नाहीत. रोज भरून मिळणार, म्हणून घरातूनही पाय निघतो.

पण हे पैसे हाती येतात प्रशिक्षण संपल्यावर, थेट खात्यात. वर्ग चालू असताना किराणा उधारीवरच येतो. निदान एसटीभाड्यापुरते पैसे रोजच्या रोज द्यायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. आणि 40 तासांत कटोरी ब्लाऊजवर हात बसत नाही. त्यासाठी 15 दिवसांचं, 120 तासांचं प्रगत प्रशिक्षण आहे. शिवणावर घर चालवायचं असेल तर ते सोडू नका.

एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, तेव्हा अर्ज कुणी करायचा हे घरात आधी ठरवा. आधार बँक खात्याला जोडलंय का, तेही पाहून घ्या. अर्ज सीएससी केंद्रावर होतो आणि तो मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.