पळस्प्याचा षड्ज

मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे जुने रस्ते जिथे फुटतात, तो पळस्पे फाटा प्रवाशांना ठाऊक असतो तो चहासाठी आणि वाहतुकीच्या कोंडीसाठी. त्याच पळस्प्यात ध्रुपदाचे एक घर आहे, हे पनवेलकरांतही थोड्यांनाच माहीत. रुद्रवीणेचे थोर वादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी ऐंशीच्या दशकात तिथे गुरुकुल उभे केले. उदयपूरच्या दरबारी गवयाचे, झियाउद्दीन डागर यांचे, हे चिरंजीव. आपल्या वीणेचे भोपळे त्यांनी मोठे करवून घेतले, दांडी आणि तारा जाड केल्या, कारण मंद्रातला स्वर त्यांना अधिक काळ टिकायला हवा होता. सिएटलच्या विद्यापीठात त्यांनी शिकवले होते. त्यांच्या नावाने परदेशातून शिष्य येत, आणि पनवेलच्या बाजारात अधूनमधून एखादा गोरा झब्बावाला भाजी घेताना दिसे.

असाच एक तरुण १९८६च्या जुलैत, भर पावसात, माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. मी तेव्हा पनवेलच्या एका बँकेत नवा अधिकारी होतो. त्याला प्रवासी धनादेश वटवायचे होते. आमच्या शाखेला परकीय चलनाचा परवाना नव्हता. त्यासाठी फोर्टातच जावे लागे, आणि हार्बरची लोकल तेव्हा पनवेलपर्यंत आली नव्हती. एस.टी. किती वाजता सुटते हे मी त्याला सांगितले. तो हलेना. मग चहा मागवला.

येऊन त्याला नऊ दिवस झाले होते. मायदेशी बरी गिटार वाजवत होता, चार लोकांत नाव होते. इथे मांडी घालून बसताना गुडघे निघून येत, बादलीतल्या पाण्याने आंघोळ करताना साबण डोळ्यांत जाई, आणि रात्री दिवे गेले की छपरावरच्या पावसाखेरीज सोबत नसे. पण त्याचे दुःख हे नव्हते. नऊ दिवसांत तो षड्जाच्या पुढे गेला नव्हता. पहाटे अंधारात उठून खर्जाचा एकच स्वर धरायचा, बाकी वेळ तंबोरा जुळवायचा, इतरांचे ऐकायचे. तंबोरा जुळला असे त्याला वाटे तेव्हा तो जुळलेला नसे, आणि कुठे चुकले हे त्याच्या कानाला कळतही नसे. शिवाय आपण या घरात कोण, पाहुणा की पैसे भरणारा विद्यार्थी की घरातला मुलगा, हेच त्याला उमगत नव्हते. वटवलेल्या पैशांतून परतीचे तिकीट काढावे की काय, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मी बँकवाला. नऊ दिवसांत एक स्वर, हा हिशेब मलाही तोट्याचाच वाटला. मात्र त्याला मी सांगितले ते आपल्याकडचे जुने. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गदगचे घर सोडून गुरू शोधायला निघाले, गावोगाव भटकले, आणि पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून त्यांनी पाणी भरले. तो म्हणाला, पाणी भरायला सांगितले असते तर बरे झाले असते, निदान हंडा भरल्याचे दिसते तरी.

या उत्तराने मी गप्प झालो. घरी राहून शिकण्याची ही रीत वाईट असे म्हणणारेही मोठे लोक होऊन गेले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते संगीताला गुरूच्या ओसरीवरून बाहेर आणण्यासाठी. वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, सारे रीतसर. मुंबईत कर्ज काढून इमारत बांधली, आणि १९२४मध्ये धनकोंनी ती लिलावात काढली. (कर्जाच्या फायली हाताळताना मला ही गोष्ट नेहमी आठवे.) त्यानंतर बुवा नाशिकला आश्रम करून राहिले, आणि शिष्य पुन्हा गुरूच्या सहवासात आले! शाळेने संगीत घराघरांत नेले, यात शंका नाही. पण तंबोरा जुळला आहे की नाही, हे कळण्याचा तास कुठल्या वेळापत्रकात बसवणार?

तो फोर्टला गेला. तिकीट काढले की नाही, कळायला मार्ग नव्हता. एका रविवारी मी सायकलवरून पळस्प्याकडे गेलो. आत जायचा धीर झाला नाही. रस्त्यावर उभा राहिलो. तंबोऱ्याचा आवाज येत होता, त्यात कुणीतरी एकच स्वर धरून होते. एखादा ट्रक आला की तो बुडे, ट्रक गेला की तिथेच असे.

उस्ताद १९९०मध्ये गेले. त्यांचे धाकटे बंधू झिया फरीदुद्दीन भोपाळच्या ध्रुपद केंद्रात वर्षानुवर्षे शिकवून अखेर इथे राहिले आणि २०१३मध्ये इथेच वारले. चिरंजीव बहाउद्दीन यांनी वीणा आणि गुरुकुल दोन्ही पुढे चालवले.

तो तरुण मला पुन्हा दिसला ऑक्टोबरात. पोस्टाची पाकिटे घ्यायला बाजारात आला होता, म्हणून बँकेतही डोकावला. हिंदी बरीच आली होती, मांडीही जमू लागली होती म्हणाला. किती स्वर झाले, हे मी मुद्दाम विचारले नाही. बोलता बोलता तो थांबला, वर पाहू लागला. मग म्हणाला, साहेब, तुमचा हा पंखा आमच्या सा-पेक्षा किंचित उतरलेला आहे. जरा बंद कराल का?

आमच्या कॅशियरने साफ नकार दिला. पनवेलचा ऑक्टोबर होता.