गुरुवारचा डाव

भोसरीत गुरुवारी मशीनचा आवाज नसतो. पुणे शहराची सुट्टी रविवारी, इथल्या कारखान्यांची गुरुवारी. विजेचा भार वाटून घ्यायला कधीकाळी केलेली ही सोय पुढे इथल्या संसारांचं वेळापत्रकच होऊन बसली. बाप घरी तेव्हा मुलं शाळेत, मुलं घरी तेव्हा बाप लाइनवर. मी पटांचे आणि पत्त्यांचे खेळ रचतो. त्यांचे सगळे कच्चे डाव गुरुवारी मांडले गेले, त्यामुळे ते मुलांच्या हाती जवळजवळ लागलेच नाहीत. खेळले ते प्रेस ऑपरेटर, क्वालिटीवाले, स्टोअरचा माणूस आणि शुक्रवारी गाडी खाली होणार म्हणून गेटबाहेर अडकलेले ड्रायव्हर. सोळा वर्षांचा हिशेब मांडायला बसलो तर पहिली नोंद हीच करावी लागते.

मी मूळचा खोकी बनवणारा. १९९९ पासून कोरुगेटेड बॉक्सच्या एका युनिटमध्ये होतो. हातात गिअर किंवा हेडलॅम्प द्यायचे आणि सांगायचे, हा न फुटता गिऱ्हाइकाकडे पोचला पाहिजे. मग कटर, पोलादी पट्टी आणि पुठ्ठा घेऊन मी बसायचो. २००८च्या दिवाळीनंतर मंदी आली. २००९च्या मार्चमध्ये चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि आमच्याकडे त्याच महिन्यात आठवड्याला चार दिवसांचंही काम नव्हतं. रिकामे हात, समोर तुकडा पुठ्ठा. त्यावर ट्रकांचा खेळ आखला.

खेळ साधा. प्रत्येक जण एक पुरवठादार. माल मोठ्या कंपनीच्या लाइनवर वेळेत पोचवायचा. आधी नेला तर गोदामाचं भाडं, उशिरा नेला तर लाइन थांबते आणि दंड बसतो. सगळे रस्ते चाकणच्या तळेगाव चौकातून जातात. ट्रॅफिक जाम मी फाशावर ठेवला होता, एक पडला की दोन डाव तिथंच उभं राहायचं. पहिल्याच गुरुवारी एका ड्रायव्हरने फासा उचलून बाजूला ठेवला. "साहेब, चौक नशिबाने जाम होत नाही. सगळ्यांना एकाच टायमाला पोचायचं असतं म्हणून होतो." नियम बदलला. चौकात जितके ट्रक, तितके डाव थांबायचं. फासा गेला आणि खेळाला जीव आला, कारण आता प्रत्येक जण दुसरा कधी निघतो याचा अंदाज बांधू लागला. सोळा वर्षांत मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा हाच, आणि तो फुकट मिळाला. चहाचे पैसेही त्यानेच दिले.

छपाईचं शिकलो ते डायने पुठ्ठा कापणाऱ्या पंचिंगवाल्या मामांकडून. पत्त्यांचा खेळ म्हणजे कल्पना, चित्रं आणि नियम असं मला वाटायचं. मामांच्या लेखी पत्त्यांचा खेळ म्हणजे २३ बाय ३६ इंची कागद. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा. कापताना सरकला तरी पांढरं दिसू नये म्हणून चारी बाजूंनी ३-३ मिलिमीटर रंग जास्तीचा. आडवे आठ बसतात, उभे नऊ. बहात्तर. माझ्या खेळात ८० पत्ते होते. "हे आठ कशाला?" मामा म्हणाले. त्या आठांसाठी दुसऱ्या प्लेटा, दुसरा कागद, मशीन पुन्हा लावायचं. घरी येऊन आठ पत्ते काढले आणि खेळ अर्ध्या तासाने आटोपशीर झाला. पुढचे सगळे खेळ मी बहात्तरातच बसवले. बाजारात एखाद्या खेळात चोपन्न, बहात्तर किंवा एकशे आठ पत्ते दिसले की मला आता लेखक नाही दिसत, कागद दिसतो.

पहिल्या छपाईत तोंडघशी पडलो तो मात्र पाठीवर. पत्त्यांच्या पाठीला मी चारी बाजूंनी बारीक पांढरी चौकट ठेवली होती, दिसायला छान म्हणून. डाय मिलिमीटरभर सरकला की चौकट एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. क्वालिटीवाल्यांच्या हाती असे पत्ते पडल्यावर काय होणार? तिसऱ्या डावात त्यांना माझ्या हातातले निम्मे पत्ते पाठीवरून ओळखू यायला लागले. त्यांना त्यात खेळापेक्षा जास्त मजा आली. ५०० डबे तसेच विकायला काढले. एका डब्याला १९० रुपये खर्च, किंमत ४५०. दुकानदाराला चाळीस टक्के आणि तेही माल खपल्यावर. वर्षभरात दोनशेच्या आसपास गेले. उरलेले आमच्या दिवाणात गेले आणि बायकोने गाद्या कपाटावर चढवल्या. त्यावर ती आजतागायत काही बोललेली नाही, हे मी कौतुकाने लिहितोय की धास्तीने, मलाच ठरवता येत नाही.

हे करून पोट भरतं का, असं नातेवाईक विचारायचे. उत्तरादाखल मी क्लाउस टॉयबरचं नाव घ्यायचो. जर्मनीतला दातांच्या कवळ्या बनवणारा हा तंत्रज्ञ. दिवसा प्रयोगशाळा, रात्री तळघरात पटांवर काम. १९९५ साली त्याचा 'कातान' आला आणि जगभर गेला, तरी दातांचं काम त्याने पुढेही काही वर्षं सुटू दिलं नाही. २०२३ मध्ये तो गेला, तेव्हा मी गुरुवारच्या मंडळींना सांगितलं. एक जण म्हणाला, "म्हणजे तो पण डायवालाच." त्या देशात १९७९ पासून दर वर्षी उत्तम खेळाला पुरस्कार मिळतो. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या मेळ्यात काही खेळकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या चकतीवर लिहून सह्या केल्या: डब्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. ती चकती मला सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोलाची वाटते. माझे जे खेळ सर्वाधिक माणसं खेळली, त्यांच्यावर माझं नाव कुठेच नाही.

ते खेळ होते कंपन्यांचे. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून दर मार्चच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यांत सुरक्षा सप्ताह असतो. शपथ, घोषवाक्य स्पर्धा, आणि फ्लेक्सवर छापलेली सापशिडी. हेल्मेट घातलं की शिडी, तेल सांडलं की साप. २०११ पासून मी या सापशिड्या आखून देऊ लागलो. दुकानदार वर्षभर पैसे फिरवायचा, कंपनी पंचेचाळीस दिवसांत द्यायची. माझी खेळकाराची कमाई म्हणाल तर नव्वद टक्के या सापांची आहे.

एका मार्चमध्ये अशा सप्ताहाला हजर होतो. जमिनीवर पट अंथरलेला, सोंगट्यांच्या जागी माणसंच चौकोनांत उभी. स्पंजचा मोठा फासा डाव्या हाताने टाकणाऱ्या एका ऑपरेटरकडे माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. 'मशीनचा गार्ड काढला' या सापावर तो आला आणि नियमाप्रमाणे खाली गेला. लोक हसले, तोही हसला. नंतर नाश्त्याच्या रांगेत मी त्याला खेळाबद्दल विचारलं. तो वड्याचा तुकडा मोडत म्हणाला, "चांगलाय. फक्त यात गार्ड काढायला कुणी सांगत नाही."

मी सहा महिने त्या वाक्याशी झगडलो. सेफ इन इंडिया फाउंडेशनचे 'क्रश्ड' नावाचे अहवाल आले ते बऱ्याच नंतर, २०१९ पासून. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत तुटणाऱ्या बोटांची नोंद त्यांत आहे आणि पॉवर प्रेस त्यांत पुन:पुन्हा येतो. पण गुरुवारच्या मंडळींना अहवालाची गरज नव्हती. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतावेत म्हणून. एका बटणात काडी खुपसून ठेवली की एक हात मोकळा होतो आणि नग वाढतात. हे सगळ्यांना माहीत होतं. मग मी पत्त्यांचा खेळ केला, अर्थात बहात्तर पत्त्यांचा. दर फेरीला खेळाडू ठरवतो: गार्ड लावून चार नग, की काढून सात? काढला तर अपघाताचा एक पत्ता गड्डीत मिसळायचा. तो कधी निघेल सांगता येत नाही, कुणाच्या वाट्याला येईल तेही नाही. आणि एक खेळाडू सुपरवायझर, तो दर फेरीला टार्गेट वाढवू शकतो. गुरुवारी हा खेळ सुरू झाला की आरडाओरडा व्हायचा, आणि गड्डी पातळ होत गेली की कुणी बोलत नसे.

एका कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये तो दाखवला. साहेब मंडळी रंगून खेळली. शेवटी अधिकारी म्हणाले, "खेळ उत्तम आहे. पण यात टार्गेट देणारा व्हिलन वाटतो." त्या वर्षीही सापशिडीच गेली.

भोसरीहून चाकणला जाताना मोशीच्या पुढे ज्ञानेश्वरांच्या आळंदीचा फाटा लागतो. सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट, आणि तो ज्ञानेश्वरांनी धाकट्या भावंडांसाठी रचला अशी आपल्याकडे परंपरा आहे. हाती लागलेले जुने पट मात्र अठराव्या शतकाच्या मागे फारसे जात नाहीत. डॅनिश अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन यांनी त्यावर प्रबंधच लिहिला, आणि पुण्यात वा. ल. मंजूळ यांनी पोथ्यांमधून या पटांचा शोध घेतला. मला त्यात एक गोष्ट खटकते आणि एक आवडते. खटकते ही, की तिथेही सगळं कवड्यांच्या हाती. आवडते ही, की तिथल्या सापांना नावं आहेत आणि ती माणसाच्या मनातल्या विकारांची आहेत: काम, क्रोध, लोभ, मत्सर. तेल सांडणं हा विकार नाही. लोभ मात्र विकार आहे. मग फ्लेक्सवरच्या सापाला ते नाव का देता येऊ नये?

पुढची वर्षं भराभर गेली. २०१९च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा मंदी, कंपन्यांचे ब्लॉक क्लोजर, म्हणजे ठरवून काही दिवस कारखाना बंद. मामांची मशीन पुन्हा मोकळी, माझ्या छपाया पुन्हा स्वस्तात. मोटारीला ताप आला की माझ्या धंद्याला बरं वाटतं, हे उघड बोलायची सोय नसते. त्याच वर्षी मुंबईच्या झेन मेमन यांच्या राजकारणावरच्या 'शासन' या पटखेळाला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर जगभरातून पैसे मिळाले. हे पोट भरायचं साधन होऊ शकतं असं तेव्हा पहिल्यांदा पटलं, पण माझं वय पन्नाशीकडे झुकलेलं. २०२०च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं. मार्चमध्ये सगळंच बंद. परप्रांतीय ड्रायव्हर गावी निघून गेले, गुरुवारची बैठक मोडली, आणि लोक घराघरांत मोबाइलवर लुडो खेळू लागले. दिवाणातले डबे त्या उन्हाळ्यात संपले, सोसायटीतल्या सोसायटीत. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्या परवान्याची उठाठेव मला झेपणारी नव्हती, म्हणून मी डब्यावर छापलं: '१४ वर्षांवरील व्यक्तींसाठी'. माझ्या बाबतीत ते खरंच होतं.

बॉक्सची नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली. मामांच्या रॅकवर माझा डाय अजून आहे, फिल्टरच्या खोक्याच्या आणि हेडलॅम्पच्या खोक्याच्या मध्ये, खडूने 'पत्ते' लिहिलेला. बैठक पुन्हा सुरू झालीय, माणसं नवी. गेल्या जानेवारीत एका कंपनीतून फोन आला, सुरक्षा सप्ताहासाठी सापशिडी हवी, दहा बाय दहा फूट, साप जरा मोठे काढा. निम्मा ॲडव्हान्स घेतला आणि आखायला बसलो. सत्तेचाळीसच्या चौकोनात सगळ्यात लांब साप काढला, त्याच्या तोंडाशी लिहिलं: 'वरून सांगितलं, गार्ड काढ'. प्रूफ तिसऱ्या दिवशी परत आलं. रंग मंजूर, आकार मंजूर, लोगो थोडा मोठा. सत्तेचाळीसभोवती लाल पेनाने गोल, आणि समासात: इथे 'तेल सांडले' घ्या.